त्रेचाळिसावी चूल

माळटाकळीत घर कशाला म्हणायचं आणि कशाला नाही, हे मी ठरवत होतो. गावाला वाटायचं उत्तमराव पाटील ठरवतात. पण पाटील नुसते बोलायचे, लिहायचो मी. तालुक्याहून गिरदावर वह्या तपासायला आला की तो पाटलाचं तोंड बघत नव्हता, मी रामकिशन पटवारी, माझी वही बघायचा. म्हणून म्हणतो, मसाजी हटकराच्या घराचं जे झालं ते माझ्या हातून झालं. तुम्ही पाटलाला शिव्या द्या, माझी हरकत नाही, पण थोड्या माझ्यासाठी शिल्लक ठेवा.

मसाजीला दोन घरं होती. हे ऐकून वाटेल, असामी मोठी असेल. दोन घरं म्हणजे दोन खोल्या आणि दोहोंत मिळून चार भांडी. बापाचं घर आखाडा बाळापूरकडं नांदखेड्याला, काळ्या रानात. आठ महिने तो तिकडं असे. लोकांच्या मोकळ्या वावरात मेंढ्या बसवायचा आणि लेंडीखताच्या बदल्यात ज्वारी घ्यायचा. पण पावसाळ्यात काळी जमीन मेंढीची वैरीण. चिखल खुरांच्या बेचक्यात बसतो, खूर सडतं, मेंढी गुडघे टेकून चरायला लागते आणि मग तेही सोडते. म्हणून मिरगाच्या आधी तो कळप हाकत, तीन मुक्काम करत, गोरेगावच्या वरच्या अंगाला आमच्या गावी यायचा. आमचा माळ मुरमाड, पाणी पडलं की पडल्या पायी निघून जातं. दिवाळीपर्यंत इथं राहून तो परत खाली उतरायचा.

इथलं घर त्यानं बायकोच्या हाताखाली बांधलं. मी चुकून उलटं लिहिलेलं नाही. सत्यभामाबाई दगड निवडायची, "ह्यो न्हाई, त्यो" म्हणायची, आणि हा लावायचा. घर झालं त्या दिवशी तिनं आत चूल घातली. पांढरी माती, त्यात लोकर कातरून मळलेली, वरून शेणाचा हात. अशी चूल तडकत नाही म्हणे. त्यांची एकुलती लेक त्या चुलीपुढं जन्मली, तिला पुढं सेनगावकडं दिली. हे सगळं मी नोंद करायला गेलो तेव्हा बाईनं मला हौसेनं सांगितलं होतं, आणि मी दोन शब्दांत उरकलं होतं: चूल एक.

आमच्याकडं घरं चुलीवर मोजत. भिंती कितीही असू द्या, चुली पेटतात तितकी घरं. पट्टी चुलीमागं, वेठीची पाळी चुलीमागं, आणि गावानं काही ठरवायचं असलं तर चावडीपुढं चुलीमागं एक हात. गावात चुली बेचाळीस. वरच्या आळीत एकवीस, त्या पाटलाच्या बाजूच्या. खालच्या आळीत एकवीस, त्या विरुद्ध. दोन आळ्यांचं भांडण आजोबांच्या काळातलं. कशावरून ते कुणाला सांगता यायचं नाही, पण पाळायचे सगळे. हात बराबर झाले की पाटलाचा शब्द शेवटचा. त्यामुळं गाव सुखात होतं, म्हणजे पाटील सुखात होते.

मसाजीची चूल त्रेचाळिसावी. ती मोजायची का नाही हा सवाल कधी निघालाच नाही, कारण हात वर करायचा दिवस अखितीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, भर उन्हाळ्यातला, आणि तेव्हा मसाजी नांदखेड्याला.

सदतीस-अडतीस साली पाटलाच्या मनात माळ भरला. हिंगोलीला टांगे वाढले, गाड्या वाढल्या, वाळल्या गवताला भाव आला. माळाला काटेरी कुंपण घालायचं, पावसाळाभर गवत राखायचं आणि हिंगोलीला विकायचं, असा बेत. तालुक्यानं सांगितलं, माळ गावचा आहे, गावची रजामंदी आणा, दर अखितीला हात मोजून. खालच्या आळीला माळ उघडा हवा होता. त्यांची रानं हलकी, मसाजीच्या मेंढ्या चार-चार दिवस त्यांच्यात बसायच्या, त्या खतावर त्यांची ज्वारी. तरी एकवीस-एकवीस होणार आणि शब्द पाटलाचाच राहणार, हे ठरलेलं. मध्ये येत होती फक्त ती त्रेचाळिसावी चूल. खालच्या आळीतल्या कुणाला सुचलं आणि त्यानं अखितीला मसाजीला बोलावून आणलं, तर पाटलाचं गवत गेलं.

दुसरा कुणी असता तर त्यानं मसाजीला धमकावलं असतं. पाटलानं माणसाला हातच लावला नाही.

आधी ठराव झाला. ज्याचं दुसऱ्या गावी घर आहे त्याच्या इथल्या चुलीला पट्टी दुप्पट. कारणंही बरी शोधली. आठ महिने घर बंद, गस्तीला माणूस नाही, वेठीला माणूस नाही, मग त्याचा भार गावानं काहून उचलावा? खालच्या आळीनंसुद्धा माना डोलावल्या. दुसऱ्याच्या डोक्यावरचं ओझं कुणाला जड लागत नाही. मग पाटलानं मला वाड्यावर बोलावलं.

"रामकिशन," सुपारी कातरत म्हणाले, "बिचारा मसाजी. दोनी गावाला पट्टी भरून राहिला. त्याला काई वाट दाखव की."

"कसली वाट?"

"घरात चूल नसली तं ते घर न्हाई. मेंढवाडा. मेंढवाड्याला पट्टी न्हाई. तू सांग त्याला. माझं नाव काढू नको. त्याला उपकार वाटंल अन् मला लाज वाटंल."

पाटलाला लाज वाटेल हे ऐकून मी हसलो नाही, हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम. डाव मला कळला होता. ओट्यावरच्या मांजरालाही कळला असता. तरी मी गेलो. आमचं पटवारीपण पाटलाच्या मर्जीवर, आणि माझी मान त्या काळात फारच मऊ होती.

मसाजी उंच, वाकलेला, बोलताना समोरच्याकडं न बघता क्षितिजावर मेंढ्या शोधल्यासारखं बघायचा. मी सांगितलं ते त्यानं दोनदा ऐकलं.

"म्हंजी कागदावर मेंढवाडा अन् ऱ्हायचं आमीच?"

"राहा की. फक्त चूल आत नको. गिरदावर डोकावून बघतो."

त्याला इतका आनंद झाला की आत जाऊन त्यानं नवं घोंगडं आणलं, स्वतः कातरलेल्या लोकरीचं, आणि माझ्या खांद्यावर टाकलं. नको म्हणायला हवं होतं. मी घडी करून बगलेत मारलं.

सत्यभामाबाई मात्र दारात आडवी उभी राहिली. "चूल मेल्या घरची फोडत्यात. आपल्यात कोन मेलं?"

"माती तं हाय," मसाजी म्हणाला. "उद्या वाटलं तं पुन्यांदा घालू."

"तुमी फोडा. म्या न्हाई."

त्यानं कुऱ्हाडीच्या बोथट तुंब्यानं फोडली. तिसऱ्या घावाला तुटली, इतकी ती पक्की होती. मी साक्षीला उभा होतो, कारण डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी काही लिहीत नाही, असा माझा लौकिक. बाईनं ढेपळं पदरात गोळा केली आणि कोपऱ्यात नेऊन रचली. मी वहीत लिहिलं: मेंढवाडा एक, चूल नाही.

त्यानंतरचे दोन पावसाळे तिनं स्वतःच्या घराच्या बाहेर स्वयंपाक केला. दाराशी बाभूळ होती, तिच्याखाली तीन दगड. पाऊस आला की मसाजी घोंगडं डोक्यावर धरून उभा राहायचा, तो बायकोच्या नव्हे, तव्याच्या डोक्यावर. ओल्या लाकडाचा धूर, अर्धी कच्ची भाकरी, आणि मागं कोरडं ठाक घर. गावाला गंमत वाटायची. "घर आत अन् संसार भाईर," म्हणायचे. मीही म्हणायचो. चांगली टर होती.

तालुक्याच्या कागदांत दोन वर्षं गेली आणि कुंपणाचा सवाल हातावर आला तो चाळीस सालच्या अखितीला. तिच्या तोंडावर खालच्या आळीतल्या संतरामला अखेर सुचलं. त्यानं नांदखेड्याला सांगावा धाडला की मसाजी, तुझ्या एका हातावर माळ आहे, ये. नवरा-बायको दोघं पंधरा कोस उन्हातून चालत आली. चावडीपुढं हात वर झाले. माळाला कुंपण घालावं, एकवीस. घालू नये, एकवीस. आणि मागच्या बाजूनं एक लांब, काळा, हाडकुळा हात.

"ह्यो कुन्या चुलीचा हात?" पाटलानं विचारलं.

"माझ्या," मसाजी म्हणाला.

"रामकिशन, वाच बरं."

मी वही उघडली. पान शोधायचं नाटक केलं, पान मला तोंडपाठ होतं. "मेंढवाडा एक. चूल नाही."

"म्हंजी मेंढरानं हात वर केला म्हना की," पाटील म्हणाले.

सगळे हसले. खालची आळीसुद्धा हसली. आपलंच नुकसान होत असताना माणूस इतका मनापासून हसू शकतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. मसाजीचा हात मात्र वरच होता. खाली घ्यायचं त्याच्या ध्यानातच राहिलं नाही. शेवटी सत्यभामाबाईनं मागून येऊन त्याचं कोपर धरलं आणि खाली ओढलं.

"आज चूल घालतो," तो म्हणाला. "आत्ता घालतो."

"घाल की. पर आज घालून आज हात? असं कसं चालंल? ज्याची चूल गावात बारा महिने पेटती, त्याचाच हात. फुडल्या अखितीला बघू."

माळाला कुंपण पडलं. दुसऱ्या दिवशी सत्यभामाबाई चावडीवर आली. पाटील होते, मी होतो, आणखी चार-पाच रिकामी माणसं होती. तिनं मला विचारलं, "पटवारी, बारा महिने म्हंजी कसं? रोज पेटवायची का?"

आता बारा महिने चूल पेटते याचा अर्थ कुणालाही ठाऊक आहे. त्या घरात माणसं नांदतात, एवढाच. तालुक्याच्या कागदांतलं ते नेहमीचं वाक्य. पण बसलेल्यांची तोंडं माझ्याकडं लागली होती, आणि चार माणसांना हसवायची संधी मी कधी सोडली नाही.

"रोज कसली बाई? रातंदिवस. इझली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून."

लोक हसले. पाटलानं तर मांडीवर थाप मारली. ती हसली नाही. तिनं मान हलवली, नीट ऐकून घेतल्यासारखी, आणि गेली. हटकराच्या माणसाला शब्द म्हणजे शब्द. रानात "त्या बाभळीपासून या नाल्यापर्यंत" म्हटलं की तिथंच मेंढी बसते, एक पाऊल इकडं नाही की तिकडं नाही. हे मला माहीत होतं, आणि तरीही मी तिला माघारी बोलावलं नाही.

नवरा-बायकोनं ठरवलं, एक पावसाळा निभवायचा. माळ बंद, म्हणून मसाजीनं कळप काळ्या रानातच ठेवायचा आणि सत्यभामाबाईनं इथं राहून चूल राखायची. कोपऱ्यातली जुनी ढेपळं तिनं भिजवली, त्यात नवी लोकर कातरून घातली, आणि त्याच जागी त्याच मातीची चूल उभी केली. पहिला विस्तव संतरामच्या घरून आणला. मग वर्षभर ती चूल विझली नाही.

मी उगाच वाढवून सांगत नाही. गोवऱ्या, तुराट्या, झाडाच्या वाळल्या मुळ्या, जे मिळेल ते. जळणाला जायची तर आपल्या घराचा धूर दिसेल इतक्याच लांब. धूर पातळ झाला की मोळी टाकून पळत यायची. एकदाही बाजाराला गोरेगावला गेली नाही, लेक बाळंत झाली तर सेनगावला गेली नाही. झोपायची ती चुलीला पाठ लावून, गार लागलं की जागी होण्यासाठी. पावसाळ्यात दार लावून आत बसायची, म्हणजे धूर बाहेर जायला जागा नाही. डोळे लाल झाले, मग पाणी गळायला लागलं, मग कडा पांढऱ्या पडल्या.

आणि गावाची सोय झाली. लढाई सुरू झाली होती, आगपेटी महाग, कधी मिळे कधी न मिळे. सकाळी कुणाची चूल विझलेली असली की बाया खापरात गोवरीचा तुकडा घेऊन तिच्या दारात. आधी खालच्या आळीच्या, मग वरच्याही. विस्तवाला आळी नसते. पाटलाच्या वाड्यावरची बाई यायची. माझी बायको रुख्मिणीबाई तर रोज जायची. सत्यभामाबाई कुणाला नाही म्हणाली नाही, फक्त निखारा उचलून देताना खाली बघायची, आपला उरला ना पुरेसा, म्हणून.

दसऱ्याला तिचा भाऊ नामाजी नांदखेड्याहून आला, माहेरही तिचं त्याच गावचं. आठवून आठवून बोलत होता. एकशे साठ मेंढ्यांतल्या सत्तर उरल्या. दाजी गुडघाभर चिखलात उभा राहून एकेकीचं खूर धुतो, चुना भरतो, उचलून कोरड्यात ठेवतो. कोरडं असतंच कुठं? "त्याचेबी पाय सडलेत आक्का," तो म्हणाला. तिनं त्याला भाकरी वाढली आणि अखितीला किती दिवस राहिले ते विचारलं.

चैत्रात नामाजी पुन्हा आला. तेव्हा अखितीला एकवीस दिवस उरले होते.

"दाजी पडून हाय. पाय काळा पडून राहिला वरपस्तोर. चल आक्का, आजच निघू."

ती उठली, पदर खोचला आणि थेट चावडीवर आली, भाऊ मागं. पाटील लोडाला टेकलेले. मी वही लिहीत होतो.

"पटवारी, मालक लई बिमार हायेत. म्या जाऊन येती. तवर संतरामाच्या घरच्यांनी लाकूड सारलं तं चालंल का? इझू देनार न्हाईत त्या. फक्त हात दुसऱ्याचा ऱ्हाईल."

हाच तो क्षण. मला एवढंच म्हणायचं होतं की बाई, ती थट्टा होती. जा. चूल विझली तरी काही बिघडत नाही, माणसं नांदतात एवढंच बघतात. दोन वाक्यं. मी पाटलाकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत होते आणि मिशीत हसत होते. इतके दिवस गावभर सांगितलेली थट्टा थट्टाच होती, असं आता तिच्यापुढं कबूल करायचं, आणि तेही पाटलासमोर, हे मला जमलं नाही. मेलेला मसाजी मला चालला असता, पडलेलं तोंड चाललं नसतं.

"नियम म्हणजे नियम बाई," मी म्हणालो. "ज्याची चूल त्याचा हात."

नामाजी म्हणाला, "मरू दे ती चूल, आक्का."

"मेंढ्या मेल्या, तेंचे पाय गेले," ती म्हणाली. "आता ईस दिवसांवर येऊन सोडू का? मंग ते सगळं कशापाई? तू जा. तेन्ला सांग, अखिती करून येती."

सहा दिवसांनी नामाजी तिसऱ्यांदा आला, डोक्याला पटका नव्हता. लांबूनच गावाला कळलं. सत्यभामाबाईनं चुलीपुढं बसूनच टाहो फोडला, तिथंच बांगड्या फोडल्या. नामाजीनं दहनाचं सांगितलं ते तिनं ऐकलं, आणि ऐकता ऐकता हातानं एक तुराटी आत सारली.

ज्या घरी माणूस जातं त्या घरी चूल पेटत नाही. शेजारी भाकरी आणून देतात. ही रीत सगळ्या जातींची, आमच्याकडं सगळ्यांची. आणि ही बाई सुतकात चूल पेटती ठेवून बसली. ज्या बाया वर्षभर तिच्याकडून विस्तव नेत होत्या त्यांनी तोंडाला पदर लावले. "नवरा मेला अन् हिची चूल ढणढण," म्हणाल्या. त्या चुलीवर तिनं काही शिजवलं नाही, दहा दिवस संतरामच्या घरून भाकरी आली. विस्तव मात्र राहिला. आणि हे सांगायला पाहिजे की तोंडाला पदर लावलेल्या बाया सुतकातही खापर घेऊन जातच होत्या, फक्त आता बोलत नव्हत्या.

एक्केचाळीसची अखिती. चावडीपुढं गाव जमलं. कुंपण ठेवावं, एकवीस. काढावं, एकवीस. मागून हात वर गेला. मोकळा, बिनबांगड्यांचा, मनगटापर्यंत चटक्यांनी काळा झालेला.

"रामकिशन, चूल कुनाच्या नावावर?" पाटलानं विचारलं.

"मसाजीच्या."

"मसाजी कुठाय?"

मी वहीची पानं चाळली. त्यांनी पुन्हा विचारलं, मोठ्यानं.

"मयत," मी म्हणालो.

"मेलेल्याचा हात मोजायचा का मंग?"

"म्या हाय की जित्ती," सत्यभामाबाई म्हणाली. "बारा महिने म्या राखली. साऱ्या गावानं बघितलं. तुमच्याबी वाड्यावर माझाच इस्तू हाय आज सकाळचा."

"चूल बाई पेटवती," पाटील म्हणाले, "आसती गड्याची. बाईचा हात कुठं मोजत्यात का? अन् सुतकात चूल पेटवनाऱ्या बाईचा तं न्हाईच न्हाई."

या वेळी कुणी हसलं नाही. संतराम पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. हात बराबर, पाटलाचा शब्द शेवटचा, कुंपण राहिलं. लोक उठायला लागले तशी पाटलानं मला खूण केली आणि मी दुसरा कागद काढला. तो आदल्या दिवशीच लिहून तयार होता, माझ्या वळणदार अक्षरात. सदर जागेत बारा महिने चूल पेटल्याचं गावानं पाहिलं आहे, सबब तो मेंढवाडा नसून घर आहे. धन्याचं दुसरं घर नांदखेड्यास आहे, सबब पट्टी दुप्पट, वारसानं भरावी. मी वाचलं. माझा आवाज कुठं अडखळला नाही.

ती ऐकत होती. पांढऱ्या पडलेल्या डोळ्यांनी मी नेमका कुठं बसलोय ते शोधत होती.

"चूल हाय म्हंता का न्हाई म्हंता?" तिनं विचारलं.

"पट्टीला हाय, हाताला न्हाई," पाटील म्हणाले, आणि उठून वाड्याकडं गेले.

ती माझ्यापुढं आली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. कामाची चौकशी करावी तसं विचारलं, "मंग आता इझवू का, पटवारी?"

मी म्हणालो, "तुझी मर्जी."

दुसऱ्या दिवशी रुख्मिणीबाई रिकामं खापर घेऊन परत आली. "इझलीया," म्हणाली. "घागर वतलीया वरून. घरात कुनी न्हाई." त्या सकाळी निम्म्या गावाला चहा-भाकरीला उशीर झाला. पट्टी थकली, दोन वर्षांनी घर पाटलाकडं गेलं, आणि आता त्यात पाटलाची वासरं बांधतात. मेंढवाडा लिहिलं होतं, वासरांचा गोठा झाला, फार चूक नव्हती म्हणायची.

अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्याअखेर निजामाचं राज्य गेलं. हिवाळ्यात नवा अंमलदार आला आणि चावडीवर बसून सांगायला लागला की आता याद्या नव्या होणार. एकवीस वर्षांवरचा प्रत्येक माणूस, बाई असो की गडी, ज्याचं त्याचं एक मत. चूल, पट्टी, मालकी, काही विचारायचं नाही. "गावात घरं किती?" त्यानं विचारलं. "बेचाळीस," मी म्हणालो, सवयीनं. नंतर दोन दिवस मला नीट जेवण गेलं नाही. मग मी घोंगडं खांद्यावर टाकलं, तेच, अजून फाटलेलं नाही, आणि नांदखेड्याला गेलो.

ती भावाच्या अंगणात बसली होती. डोळे गेले होते. माझा आवाज तिनं लगेच ओळखला. मी तिला नवी गोष्ट सांगितली, की आता बाईलाही मत आहे, नाव घालायला आलोय. मला वाटत होतं मी काहीतरी घेऊन आलोय.

"चूल लागती का?"

"नाही."

अंगणात दोन-तीन मेंढ्या होत्या, त्यांच्या रवंथाचा आवाज येत होता.

"पटवारी," मग ती म्हणाली, "तवा चैत्रात. म्या गेली असती, अन् संतरामाच्या घरच्यांनी लाकूड सारलं असतं. तं चाललं असतं का?"

सात वर्षांपूर्वी ज्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं होतं तोच हा प्रश्न होता. तेव्हा खरं बोललो असतो तर ती नवऱ्याच्या उशाशी पोचली असती. आता खोटं बोललो असतो तर निदान तिचं वर्ष तिच्याजवळ राहिलं असतं. पण मी स्वतःला हलकं करायला आलो होतो. पंधरा कोस मी त्याचसाठी चाललो होतो, यादीसाठी नाही.

"चाललं असतं," मी म्हणालो. "विझली असती तरी चाललं असतं. मी थट्टेनं बोललो होतो."

तिनं हात मांडीवर पालथे ठेवले. त्यांच्यावर चटक्यांचे डाग तसेच होते. ती रडली नाही, शिवी दिली नाही. मग भावजयीला हाक मारून म्हणाली, पाव्हन्याला पानी दे. भावजयीनं तांब्या आणून दिला. मी पाणी प्यालो, घोंगडं सावरलं आणि परतीच्या वाटेला लागलो.